वायफाय जोडलेलं, लॉगिनचं पान मात्र उघडेना: लिनक्सवरचे तीन दिवस

सुरुवातीलाच एक सूचना. खालच्या आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायची.

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. तीन दिवसांच्या कामासाठी नागपूर, हॉटेलची खोली, संध्याकाळचे साडेसात. खोलीच्या भाड्यात एका उपकरणाचं वायफाय होतं, ते फोनला गेलं. लॅपटॉपसाठी वेगळं कुपन, १०० रुपयांत २४ तास. इथेच पहिली बारीक गोष्ट: काउंटरवर विचारून घ्या की २४ तास कुपन छापल्यापासून मोजतात की पहिल्या लॉगिनपासून. इथे छापल्यापासून मोजत होते, आणि पुढे जो वेळ गेला तो त्यातूनच गेला.

लॅपटॉपवर उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार), जीनोम (पडद्यावरच्या खिडक्या दाखवणारा), नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा) आणि सिस्टमडी-रिझॉल्व्हड (साइटच्या नावांचे पत्ते शोधणारा, पुढे नुसता रिझॉल्व्हड). बहुतेकांकडे असतं तेच. फरक एका फाइलीचा. वर्षभरापूर्वी /इटीसी/सिस्टमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फ.डी/ मध्ये चार ओळींची फाइल टाकून ठेवली होती: डीएनएस=९.९.९.९#डीएनएस.क्वाड९.नेट, डीएनएसओव्हरटीएलएस=यस, डीएनएससेक=यस आणि डोमेन्स=~. अशा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था. या ओळींचा अर्थ, नावांचे सगळे प्रश्न ९.९.९.९ या सर्व्हरलाच, टीएलएसच्या कुलूपबंद मार्गाने विचारायचे, आणि उत्तरावरची सही तपासायची. घरी आणि ऑफिसात हे इतकं सुरळीत चाललं की ती फाइल आहे हेच विसरायला झालं होतं.

वायफाय जोडलं, पासवर्ड नव्हताच. वरच्या पट्टीत वायफायच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह आलं आणि पुढे काहीच घडेना. लॉगिनची सूचना नाही, खिडकी नाही. ब्राउझरमध्ये कुठलंही पान टाकलं की 'सर्व्हर सापडला नाही'. खाली फोन केला तर उत्तर आलं, "मोबाइलवर तर चालून राहिलं ना सर? मग तुमच्या लॅपटॉपमध्येच काही असन."

त्याचं बरोबर होतं, हे कळायला सव्वा तास गेला.

अशा वायफायवर होतं काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्यावर बसवता येईल. वायफाय जोडलं की तिथला राउटर डीएचसीपीने तीन गोष्टी देतो: तुमचा आयपी पत्ता, गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएनएस सर्व्हर. इथवर सगळं नेहमीसारखं. पण लॉगिन होईपर्यंत गेटवे तुम्हाला बाहेर सोडत नाही. पोर्ट ८० वरून साधी एचटीटीपी विनंती गेली की तो मध्येच अडवून '३०२' उत्तर देतो, म्हणजे 'इकडे नाही, आधी माझ्या लॉगिनच्या पानावर जा'. काही ठिकाणी याच्याही अलीकडे खेळ होतो: तिथला डीएनएस सर्व्हर कुठल्याही नावाला स्वतःचाच पत्ता देतो. पोर्ट ४४३ वरच्या एचटीटीपीएसला असं वळवता येत नाही, प्रमाणपत्र जुळत नाही आणि ब्राउझर ओरडतो. म्हणून लॉगिनचं पान आणायचं तर एक साधी, कुलूप नसलेली विनंती बाहेर पडायला हवी, आणि ती बाहेर पडण्याआधी नावाचा पत्ता मिळायला हवा. तो पत्ता त्या क्षणी एकाच माणसाकडे मिळतो, हॉटेलच्या डीएनएस सर्व्हरकडे. तो खोटं बोलत असला तरी लॉगिन होईपर्यंत त्याचंच ऐकावं लागतं.

आणि माझ्या चार ओळींचा सगळा हेतूच खोटं बोलणाऱ्याचं ऐकायचं नाही, हा होता.

खिडकी का उघडली नाही याचंही कारण तिथेच आहे. नेटवर्कमॅनेजर ठरावीक वेळाने, मूळ मांडणीत दर ३०० सेकंदांनी, एक छोटं पान मागून बघतो. उबंटूत ते कनेक्टिव्हिटी-चेक.उबंटू.कॉम, फेडोरात फेडोराप्रोजेक्ट.ऑर्गवरची हॉटस्पॉट.टीएक्सटी नावाची फाइल. अपेक्षित उत्तर आलं तर अवस्था 'फुल'. उत्तर आलं पण भलतंच, किंवा ३०२ आलं, तर 'पोर्टल' (म्हणजे वाटेत लॉगिनचं पान आहे), आणि मग जीनोम लॉगिनची सूचना दाखवतो. पण नावाचा पत्ताच मिळाला नाही तर विनंती निघतच नाही, अवस्था राहते 'लिमिटेड', आणि जीनोमला पोर्टल आहे याचा पत्ताच लागत नाही. तपासायची आज्ञा:

एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक

माझ्याकडे 'लिमिटेड' आलं. हा शब्द पाहिलात की पोर्टल शोधत बसू नका, आधी डीएनएस बघा. (जीनोम पूर्वी ती खिडकी आपण होऊन उघडायचा. कुठलंही अनोळखी वायफाय आपल्याला हवं ते पान तुमच्या यंत्रावर न विचारता उघडू शकतं, ही त्रुटी म्हणून २०२४मध्ये नोंदली गेली. आता सूचना येते आणि आपण टिचकी मारल्यावरच खिडकी उघडते. हे योग्यच झालं. फक्त ती सूचना नजरेतून सुटली तर माणूस वाट बघत बसतो.)

आता त्या संध्याकाळची मोठी चूक. मदत शोधायला फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपवर घेतलं. दोन मिनिटांत सगळं सुरू झालं, कनेक्टिव्हिटी 'फुल', आणि वाटलं हॉटेलचंच वायफाय लागलं. फोन काढला की पुन्हा बंद. पुन्हा जोडला की सुरू. पोर्टल उघडायचा प्रत्येक प्रयत्न फोन जोडलेला असताना होत होता, त्यामुळे विनंती हॉटेलकडे जातच नव्हती. नेटवर्कमॅनेजर तारेच्या जोडणीला मेट्रिक १०० देतो आणि वायफायला ६००. आकडा कमी तो रस्ता आधी. यूएसबीने जोडलेला फोन तारेची जोडणी म्हणून धरला जातो. अर्धा तास यात गेला. वाचायचं ते फोनच्याच पडद्यावर वाचा, लॅपटॉपला एका वेळी एकच रस्ता ठेवा.

फोन काढून नीट क्रमाने बघायला बसलो तेव्हा साडेआठ वाजले होते. आधी, वायफाय खरंच जोडलंय का:

एनएमसीएलआय डिव्हाइस शो डब्ल्यूएलपी२एस०

पत्ता १०.२०.३.४७/२२, गेटवे १०.२०.०.१, डीएनएस १०.२०.०.१. म्हणजे डीएचसीपीचं काम झालेलं. इथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर राउटरने पत्ताच दिला नाही असा अर्थ, आणि मग डीएनएसच्या मागे लागण्यात हशील नाही. डब्ल्यूएलपी२एस० हे माझ्या वायफाय कार्डाचं नाव, तुमचं वेगळं असेल.

मग रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस. यात दोन भाग असतात. वर 'ग्लोबल', म्हणजे सगळ्या यंत्रासाठीचं, आणि खाली प्रत्येक जोडणीचं वेगळं. ग्लोबलमध्ये ९.९.९.९ आणि ~. दिसत होतं. वायफायच्या जोडणीत १०.२०.०.१ होतं, पण त्याच्या शेजारी प्रोटोकॉलच्या ओळीत अधिक चिन्हासह डीएनएसओव्हरटीएलएस. गोम इथे होती. ग्लोबल फाइलीत 'यस' लिहिलं की ते प्रत्येक जोडणीला वारशाने लागू होतं, तिथे वेगळं काही सांगितलं नसेल तर. म्हणजे माझा लॅपटॉप हॉटेलच्या राउटरशीही पोर्ट ८५३ वरून, टीएलएसनेच बोलायचा हट्ट धरून बसला होता. त्या राउटरला पोर्ट ५३ सोडून काही येत नाही. आणि ९.९.९.९ पर्यंत पोचायला तर लॉगिन आधी हवं. दोन्ही दारं बंद.

खात्री करायला दोन आज्ञा शेजारीशेजारी चालवल्या. पहिली, रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी एक्झाम्पल.कॉम. बराच वेळ ताटकळून उत्तर आलं की नेम सर्व्हरशी संपर्काचे सगळे प्रयत्न फसले. दुसरी, डिग @१०.२०.०.१ एक्झाम्पल.कॉम. ही मधल्या रिझॉल्व्हडला वगळून थेट हॉटेलच्या सर्व्हरला विचारते. उत्तर पापणी लवायच्या आत: १०.२०.०.१. एक्झाम्पल.कॉमचा पत्ता म्हणून त्याने स्वतःचाच पत्ता दिला. खोटारडा सापडला. पहिली आज्ञा फसते आणि दुसरी चालते, एवढं दिसलं की दोष वायफायचा नाही, आपल्या यंत्रातल्या कडक नियमांचा आहे. तिथून पुढे हॉटेलच्या माणसाला फोन करू नये.

उपाय तीन ओळींचा, आणि फक्त त्या एका जोडणीपुरता:

रिझॉल्व्हसीटीएल डीएनएसओव्हरटीएलएस डब्ल्यूएलपी२एस० नो
रिझॉल्व्हसीटीएल डीएनएससेक डब्ल्यूएलपी२एस० नो
रिझॉल्व्हसीटीएल डोमेन डब्ल्यूएलपी२एस० '~.'

पहिली ओळ टीएलएसचा हट्ट सोडवते. दुसरी सहीची तपासणी थांबवते. ही राहिली तर टीएलएस काढूनही काम होत नाही, कारण खोट्या उत्तरावर डीएनएससेकची सही नसते आणि रिझॉल्व्हड ते फेकून देतो. तेव्हा चूक वेगळी दिसते: 'डीएनएससेक व्हॅलिडेशन फेल्ड', पुढे 'नो-सिग्नेचर'. तिसरी ओळ महत्त्वाची आणि बहुतेकांकडून राहणारी. ~. म्हणजे 'सगळी नावं इकडे पाठव'. ते ग्लोबलमध्ये लिहिलेलं असेल तर सगळे प्रश्न ९.९.९.९ कडेच जायला लागतात. जोडणीलाही तेच दिलं की दोघांचा दर्जा सारखा होतो, प्रश्न दोघांकडे एकदम जातो आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते घेतलं जातं. इथे आधी कोण येणार हे उघड आहे. यातलं काहीही फाइलीत लिहिलं जात नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडलं की गेलं. आपल्याला तेच हवंय. उलट काही वेळा नेटवर्कमॅनेजर जोडणीची डीएनएस मांडणी मध्येच नव्याने लिहितो आणि या ओळी पुन्हा द्याव्या लागतात.

मग कॅश, म्हणजे साठवलेली जुनी उत्तरं, पुसायला रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस, आणि ब्राउझरमध्ये एचटीटीपी://नेव्हरएसएसएल.कॉम. हे पान मुद्दाम कुलपाशिवाय ठेवलेलं आहे, याच कामासाठी. पुढे 'एचटीटीपी://' स्वतः टाका, नाहीतर ब्राउझर आपल्या मनाने एचटीटीपीएस लावतो. नेहमीच्या साइटवर प्रयत्न करून उपयोग नाही. ब्राउझरने ती एकदा कुलपासह पाहिलेली असते आणि तो साध्या मार्गाने तिकडे जायला तयारच होत नाही.

आठ पन्नासला लॉगिनचं पान आलं. खोली क्रमांक, कुपन क्रमांक, मोबाइल क्रमांक, मग ओटीपी. ओटीपी पाच मिनिटं चालणारा, तीन चुकले की अर्धा तास थांबा.

पहिला ओटीपी माझ्या उतावीळपणात गेला. पान आलं म्हणजे काम झालं असं समजून, एसएमएसची वाट बघताना मी दुसऱ्या खिडकीत नियम पुन्हा कडक केले. ओटीपी टाकून 'पुढे' दाबलं आणि 'सर्व्हर सापडला नाही'. असं का, तर लॉगिनचं पान अनेकदा एका नावावर असतं, आणि ओटीपी तपासून झाल्यावर ब्राउझरला शेवटचा निरोप घेऊन स्थानिक गेटवेकडे पाठवलं जातं. तो गेटवे दुसऱ्याच नावावर असतो, आणि ते नाव बाहेरच्या जगात कुणालाच माहीत नसतं, फक्त हॉटेलच्या डीएनएस सर्व्हरला. म्हणून कनेक्टिव्हिटी चेक 'फुल' म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या ओटीपीने काम झालं, आठ अठ्ठावन्नला.

नंतर परत कडक करणं. इथे रिझॉल्व्हसीटीएल रिव्हर्ट ही आज्ञा हाताशी दिसते आणि मोह होतो. करू नका. ती आपण केलेले बदलच नाही, तर नेटवर्कमॅनेजरने त्या जोडणीला दिलेला डीएनएस सर्व्हरही पुसते. त्यापेक्षा टीएलएस आणि डीएनएससेक पुन्हा 'यस' करा, डोमेनला रिकामं अवतरण द्या ('' एवढंच), आणि कॅश पुसा. लॉगिनआधीची खोटी उत्तरं कॅशमध्ये उरली तर लॉगिन झाल्यावरही काही साइट हॉटेलच्या पानावरच जात राहतात. ब्राउझरची स्वतःची वेगळी कॅश असते. फायरफॉक्समध्ये अबाउट:नेटवर्किंगच्या डीएनएस विभागात ती पुसायचं बटण आहे, क्रोमियममध्ये क्रोम://नेट-इंटर्नल्स/#डीएनएस.

आणखी एक आज्ञा जवळ ठेवा, रिझॉल्व्हसीटीएल रीसेट-सर्व्हर-फीचर्स. हॉटेलच्या सर्व्हरने काही प्रश्नांना नीट उत्तरं दिली नाहीत की रिझॉल्व्हड मनाशी नोंद करतो की हा सर्व्हर कमी कुवतीचा आहे, आणि त्याच्याशी खालच्या पातळीवर बोलायला लागतो. जर्नलमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) 'युझिंग डिग्रेडेड फीचर सेट' अशा ओळी दिसतात त्या याच. लॉगिनआधी पडलेला हा ग्रह लॉगिननंतरही काही काळ टिकतो. ही आज्ञा पाटी कोरी करते.

सगळं जागेवर आलं का हे पुन्हा रिझॉल्व्हसीटीएल क्वेरीने बघायचं. उत्तराच्या खाली एक ओळ येते: माहिती स्थानिक किंवा कुलूपबंद मार्गाने मिळाली का, यस की नो. लॉगिनच्या वेळी तिथे 'नो' होतं, आता 'यस'. ही ओळ बघितल्याशिवाय बँकेचं काम करायला बसू नये.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दिवसभराचं काम एका प्रशिक्षण केंद्रात, तिथे वेगळं पोर्टल. तीन ओळी दिल्या, अवस्था लगेच 'पोर्टल' झाली, जीनोमची सूचना आली, तरी फायरफॉक्समध्ये पान उघडेना. डिग चालतंय, रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी चालतंय, फक्त फायरफॉक्स अडलेला. याचा अर्थ ब्राउझर यंत्राच्या डीएनएसला विचारतच नाही. सेटिंग्जमध्ये 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' कमाल संरक्षणावर होतं, म्हणजे अबाउट:कॉन्फिगमधलं नेटवर्क.टीआरआर.मोड ३. या मोडमध्ये फायरफॉक्स आपणहून यंत्राच्या डीएनएसकडे परतत नाही. मोड २ असेल तर आधी कुलूपबंद मार्ग, तो फसला तर यंत्राचा. तात्पुरतं २ करून काम झालं. क्रोमियममध्ये हेच 'सुरक्षित डीएनएस वापरा' या नावाने असतं. विशिष्ट पुरवठादार निवडलेला असेल तर अडतं, 'आपोआप'वर असेल तर सहसा नाही.

याच केंद्रात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचंही अडलं होतं. "तुझ्या त्या तीन ओळी दिल्या रे, काही फरक नाही." त्याच्याकडे रिझॉल्व्हडची कुठलीच खास फाइल नव्हती. पण कॅट /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ केलं तर आत १२७.०.०.५३ (रिझॉल्व्हडचा यंत्रातला पत्ता) ऐवजी ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर). उबंटूत ही फाइल म्हणजे खरं तर दुवा असतो, ../रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ कडे जाणारा. त्याच्याकडे ती साधी फाइल झाली होती. बदलायला गेलो तर रूट (सर्वाधिकारी) असूनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. एलएसएटीटीआरने बघितलं तर 'आय' चिन्ह लागलेलं. कधीतरी कुठल्याशा मार्गदर्शनात वाचून त्याने सीएचएटीटीआर +आय केलं होतं, म्हणजे 'या फाइलीला कुणीच हात लावायचा नाही'. नेटवर्कमॅनेजरही नाही. घरी ८.८.८.८ पोचतो म्हणून दोन वर्षं काही जाणवलं नाही. हा उपाय कुणी सुचवला तर घेऊ नका. डीएनएस बदलायचा असेल तर तो नेटवर्कमॅनेजरमध्ये किंवा रिझॉल्व्हडमध्ये बदला, फाइलीला खिळा ठोकून नाही. सोडवायला:

सुडो सीएचएटीटीआर -आय /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ
सुडो एलएन -एसएफ ../रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

त्यानंतरही त्याचं पान येईना. त्या केंद्राच्या वायफायच्या नेटवर्कमॅनेजर प्रोफाइलमध्ये त्याने पूर्वी कधीतरी हातानेच ८.८.८.८ टाकून 'आपोआप मिळणारा डीएनएस घेऊ नको' असं करून ठेवलं होतं. एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, मग प्रोफाइलचं नाव, मग आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस नो. त्याच पद्धतीने आयपीव्ही४.डीएनएस रिकामं केलं, तोडलं, जोडलं, पान आलं. एकूण वीस मिनिटं, त्यातली पंधरा 'आय' चिन्ह शोधण्यात.

पोर्टलच्या पत्त्यावरही नजर टाका. काही ठिकाणी ते नाव बिंदू नसलेलं असतं, नुसतं 'लॉगिन' किंवा 'हॉटस्पॉट'. रिझॉल्व्हड अशी एकशब्दी नावं बाहेरच्या डीएनएसला विचारतच नाही, रिझॉल्व्हयुनिकास्टसिंगललेबल=यस लिहिल्याशिवाय. त्यासाठी सेटिंग बदलण्याची गरज नाही. डिगने थेट तिथल्या सर्व्हरला विचारून पत्ता घ्या आणि ब्राउझरमध्ये नावाच्या जागी तो टाका. आणि जे डीएनएसमास्क (यंत्रावर चालणारा छोटा डीएनएस सर्व्हर) वापरतात त्यांनी स्टॉप-डीएनएस-रिबाइंड ही ओळ आहे का बघावं. बाहेरून आलेल्या उत्तरात १०. किंवा १९२.१६८. ने सुरू होणारा खासगी पत्ता असेल तर ती ओळ ते उत्तर टाकून देते. एरवी चांगली सवय. पण पोर्टलचं उत्तर नेमकं असंच असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार. परतीच्या वाटेवर एका प्रतीक्षागृहात दोन तास. वायफाय जोडलं, तीन ओळी दिल्या, अवस्था 'लिमिटेड'च. डिगलाही उत्तर नाही, हे पहिल्यांदाच. पिंगलाही नाही. मिळालेला पत्ता १७२.१८.४०.१२/१६, गेटवे आणि डीएनएस १७२.१८.०.२५४.

आयपी राउट गेट १७२.१८.०.२५४ केलं आणि उत्तर वाचून हसू आलं. रस्ता वायफायकडे नव्हता, 'बीआर-' ने सुरू होणाऱ्या एका पुलाकडे (लॅपटॉपच्या आतल्या आभासी नेटवर्ककडे) होता. डॉकर! म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन. त्याचा मूळ पूल १७२.१७.०.०/१६ वर असतो आणि डॉकर कंपोझने केलेलं प्रत्येक नवं नेटवर्क १७२.१८, १७२.१९ असं पुढे सरकतं. त्या प्रतीक्षागृहाचं वायफायही १७२.१८ वर. दोघांचा दावा एकाच गल्लीवर. पुलाचा मेट्रिक शून्य, वायफायचा ६००, म्हणून डीएनएसचा प्रत्येक प्रश्न लॅपटॉपमधल्याच एका रिकाम्या पुलावर जाऊन पडत होता. कंटेनर एकही चालू नव्हता, तरीही. तात्पुरतं:

सुडो आयपी लिंक सेट बीआर-... डाउन

पूल खाली घेतला की त्याचा रस्ताही जातो. मिनिटभरात पोर्टलची सूचना आली. कायमचं करायचं तर /इटीसी/डॉकर/डीमन.जेसन मध्ये 'डीफॉल्ट-अॅड्रेस-पूल्स' देऊन, बेस १०.१९९.०.०/१६ आणि साइझ २४, अशी सहसा कुणी न वापरणारी गल्ली डॉकरला द्यायची. आधी बनलेली नेटवर्कं आपोआप हलत नाहीत, ती काढून पुन्हा करावी लागतात.

व्हीपीएनचंही असंच. वायरगार्ड आपोआप जोडणीवर ठेवलं असेल तर तो लॉगिनआधीच सगळा प्रवास आणि सगळे डीएनएस प्रश्न स्वतःकडे ओढतो, आणि त्याचा बोगदा तर लॉगिनशिवाय उभाच राहत नाही. अनोळखी वायफायवर जाण्याआधी आपोआप जोडणी बंद करा, लॉगिननंतर हाताने लावा. या मधल्या काही मिनिटांत मेलचा प्रोग्राम किंवा फाइल सिंक करणारा प्रोग्राम प्रमाणपत्राबद्दल विचारील. काहीही विचारलं तरी 'स्वीकारा' दाबायचं नाही. तो पोर्टलच मेल सर्व्हरचं सोंग घेऊन उभा असतो.

१७ तारखेला घरी आल्यावर हे सगळं आपोआप व्हावं म्हणून नेटवर्कमॅनेजरची डिस्पॅचर स्क्रिप्ट लिहायला घेतली होती. /इटीसी/नेटवर्कमॅनेजर/डिस्पॅचर.डी/ मध्ये ठेवायची, मालक रूट, इतरांना लिहायची परवानगी नाही. कनेक्टिव्हिटी-चेंज ही घटना आली की कनेक्टिव्हिटी_स्टेट बघून नियम सैल किंवा कडक करायचे. अर्धी लिहून सोडून दिली. जे वायफाय 'माझ्याकडे लॉगिन लागतं' असं भासवेल त्याच्यासाठी लॅपटॉप आपणहून कुलूप काढणार असेल, तर कुलूप लावलंच कशाला? डीएनएसओव्हरटीएलएस=ऑपॉर्च्युनिस्टिक हा मधला पर्याय आहे. तो ८५३ वर बोलून बघतो, नाही जमलं तर साध्या मार्गाने जातो. लॉगिनची कटकट बरीच कमी होते, पण ८५३ अडवणारा कुणीही तुम्हाला खाली ओढू शकतो, आणि ते कळतही नाही. आईबाबांच्या लॅपटॉपवर मी हेच ठेवीन. माझ्यावर नाही.

शेवटी .बॅशआरसी मध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) दोन फंक्शनं ठेवली. पोर्टल_सुरू: वरच्या तीन ओळी, कॅश पुसणं, आणि एक्सडीजी-ओपनने नेव्हरएसएसएल उघडणं. पोर्टल_बंद: दोन्ही 'यस', डोमेन रिकामं, कॅश पुसणं, सर्व्हर-फीचर्स कोरे, आणि शेवटी क्वेरी चालवून ती 'यस की नो'ची ओळ दाखवणं. सैल मी करणार, कडकही मीच.

ज्यांना यंत्राचे नियम क्षणभरही सैल करायचे नसतील त्यांच्यासाठी कॅप्टिव्ह-ब्राउझर नावाचं छोटं साधन आहे. ते डीएचसीपीने दिलेला डीएनएस सर्व्हर विचारून घेतं, स्वतःचा एक सॉक्स५ प्रॉक्सी (मध्यस्थ) उभा करतं, आणि त्या प्रॉक्सीतूनच जाणारी क्रोमची एक वेगळी खिडकी उघडते. खोटारड्याशी फक्त ती एक खिडकी बोलते, बाकी यंत्र जागच्या जागी. डॉकरच्या गल्लीची भानगड मात्र तेही सोडवत नाही.

राहता राहिली एक गोष्ट. काही पोर्टल तुम्हाला मॅक पत्त्यावरून (वायफाय कार्डाच्या ओळखक्रमांकावरून) ओळखतात. वायफाय.क्लोन्ड-मॅक-अॅड्रेस 'रँडम' ठेवलं असेल तर प्रत्येक नव्या जोडणीला नवा पत्ता, म्हणजे नवा ओटीपी आणि कधीकधी नवं कुपन. 'स्टेबल' ठेवा. मग प्रत्येक प्रोफाइलला वेगळा पण कायम तोच पत्ता मिळतो.

फंक्शनं सहकाऱ्याला पाठवली, ती त्याच्याकडे पहिल्या फटक्यात चालली नाहीत. त्याच्या कार्डाचं नाव डब्ल्यूएलपी०एस२०एफ३. म्हणून आता नाव हाताने लिहिलेलं नाही. एनएमसीएलआय -टी -एफ डिव्हाइस,टाइप डिव्हाइस या आज्ञेच्या उत्तरातून ज्या ओळीच्या शेवटी ':वायफाय' आहे ती ओळ घ्यायची आणि अपूर्णविरामाच्या (:) आधीचा भाग वापरायचा. शेवटीच, कारण नुसतं 'वायफाय' शोधलं तर 'वायफाय-पी२पी' अशीही एक ओळ हाती लागते आणि आज्ञा भलत्याच नावावर चालते.